डोळ्याशी धरलेला दिवा

१

प्रमाणपट्टी नाहीशी झाल्याचा फोन आला तेव्हा बाई घरातली जुनी काच पुसत होत्या. शनिवार होता, आणि शनिवारी काच पुसायची ही त्यांची एकतीस वर्षांची सवय. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा, काचेच्या मधोमध टेकवायचा, तिथून गोल गोल फिरवत कडेपर्यंत यायचं आणि शेवटी वरून खाली एक सरळ हात मारायचा. प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन बाईंना चार महिने झाले होते. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी हीच काच लाकडी चौकटीत बसवून त्यांना भेट दिली होती, आणि दर शनिवारी ती भिंतीवरून उतरवून पुसल्याशिवाय त्यांना आठवडा संपल्यासारखा वाटत नसे.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," पेपरातून डोकं वर न काढता त्यांचे यजमान म्हणाले. "निरोपाच्या दिवशी लोक फुलांचा वास घेऊन घरी येतात. तू आलीस ती बोटांना स्पिरिटचा वास घेऊन."

"तुम्ही तुमचं शब्दकोडं सोडवा," असं म्हणून बाईंनी फोन उचलला.

पलीकडे प्रयोगशाळेचे साहेब होते. एरवी ते तोलूनमापून बोलत, आज त्यांच्या तोंडून वाक्य धड पुरं होईना. कपाटाला कुलूप होतं, कुलपाला धक्का लागलेला नव्हता आणि आतली प्रमाणपट्टी गायब होती. सोमवारी बाहेरचे तपासनीस येणार होते आणि ते सगळ्यात आधी ती पट्टीच मागणार होते. पोलिसांत जायचं तर बोभाटा, न जावं तर आफत. त्या इमारतीचा कानाकोपरा बाईंइतका कुणालाच ठाऊक नव्हता, तेव्हा त्यांनी येऊन बघावं, अशी साहेबांची विनंती होती.

बाई निघाल्या. आपल्याला अजून कुणीतरी बोलावतंय याचा त्यांना मनातून आनंद झाला होता. त्या आनंदाची नंतर कितीतरी दिवस त्यांना लाज वाटत राहिली.

२

बाईंच्या प्रयोगशाळेत रस्त्यावरचे फलक, सायकलींचे लाल डोळे आणि रस्त्यावर काम करणाऱ्यांची जॅकेटं तपासली जात. त्या जॅकेटांवर चंदेरी पट्टे असतात. भिंतीवर मारलेला चेंडू कुठेही उडतो, पण या पट्ट्यांवर पडलेला उजेड आल्या वाटेने परत जातो, थेट दिव्याकडे. दिव्यांच्या मागेच बसलेल्या ड्रायव्हरला म्हणूनच पट्टा झगझगीत दिसतो. किती उजेड परत आला ते मोजायचं, एवढंच बाईंचं आयुष्यभराचं काम.

ते होई 'बोगद्या'त. पंधरा मीटर लांबीची, आतून काळी रंगवलेली ही खोली. एका टोकाला दिवा आणि त्याला खेटून यंत्राचा डोळा, दुसऱ्या टोकाला नमुना लावायची चौकट. वाटेत दोन्ही भिंतींना काळ्या फळ्या उभ्या केलेल्या, म्हणजे भरकटलेला उजेड तिथेच अडून राहावा. रोज सकाळी आधी प्रमाणपट्टी चौकटीत लावायची. तिच्या पाठीवर तिचा आकडा कोरलेला असे. यंत्र तोच आकडा दाखवेपर्यंत नॉब फिरवायचा आणि नॉब कुठे थांबला ते वहीत लिहायचं. मग दिवसभर यंत्र सांगेल ते खरं.

कपाटाच्या दारावर बाईंच्याच अक्षरातला कागद अजून तसाच चिकटलेला होता: 'नवी पट्टी प्लॅस्टिकची आहे. धूळ फक्त फुंकणीने उडवावी. कापड, बोट, स्पिरिट कधीही लावू नये.' जुनी पट्टी, म्हणजे आता बाईंच्या भिंतीवर असलेली, काचेची होती, ती खुशाल पुसता यायची. नवी आली ती बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दोन महिन्यांत, आणि तिच्यासाठी हा कागद बाईंनी दोनदा लिहून काढला होता, पहिल्या खेपेला अक्षर नीट आलं नाही म्हणून.

बाहेर बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. साहेबांनी हळूच सांगितलं, की ही रंगाऱ्याची बायको. रंगारी म्हणजे रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारा. तीन आठवड्यांपूर्वी दिवेलागणीला एका वळणावर गाडीने त्याला मागून उडवलं होतं. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखालून गेला. ड्रायव्हर म्हणत होता, मला माणूस दिसलाच नाही. रंगाऱ्याचे मालक म्हणत होते, जॅकेट तपासून पास झालेलं आहे, तेव्हा याने ते घातलंच नसेल किंवा चेन उघडी टाकली असेल. म्हणजे चूक त्याची, आणि ना नोकरी ना भरपाई. बायको गुरुवारी येऊन गेली होती, जॅकेट पुन्हा मोजा म्हणून. आज ती परत आली होती, आणि आज मोजायला पट्टीच नव्हती.

"त्यांना ती वेळच आठवत नाही हो, ताई," ती बाईंना म्हणाली. "आधी म्हणायचे, मी चेन लावली होती. आता लोकांचं ऐकून ऐकून म्हणतात, नसेल लावली. रोज माझी माफी मागतात."

तिने पिशवीतून जॅकेट काढून दाखवलं. पाठीवर फाटलेलं, दवाखान्यात घाईने दोन्ही बाजूंनी कात्रीने कापलेलं, चेन गळ्यापर्यंत बंद, आणि त्यावर वाळलेले तपकिरी डाग. बाईंनी ते हातात घेतलं आणि लगेच परत दिलं. हे जॅकेट पास केल्याच्या दाखल्यावर आपली सही नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याबद्दल त्या स्वतःवर चिडल्या.

३

कपाटाची किल्ली किल्लीकाकूंकडे असे. भांडार सांभाळणाऱ्या या काकूंच्या कमरेला इतक्या किल्ल्या होत्या की त्या येताना आधी आवाज यायचा आणि मागून काकू. किल्ली नेणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत लिहिल्याशिवाय त्या सख्ख्या भावालाही किल्ली देत नसत. बाईंनी वही मागितली. काकूंनी ती दिली, पण एरवी अखंड चालणारं त्यांचं तोंड आज शिवल्यासारखं बंद होतं. शुक्रवारी संध्याकाळी बाईंच्या जुन्या मदतनिसाने, घुबडाने, किल्ली नेली होती आणि दहा मिनिटांत परत केली होती, असं वहीत होतं. त्याआधीचं सगळं नेहमीसारखं.

"काकू, वहीत न लिहिता कुणी किल्ली नेली का कधी?" बाईंनी विचारलं.

"वहीत आहे तेच आहे," काकू खाली बघत म्हणाल्या, आणि आतून कुणीतरी बोलावल्यासारख्या उठून गेल्या. कुणीही बोलावलं नव्हतं.

दुसरा माणूस जॅकेटवाला, म्हणजे जॅकेटं बनवणाऱ्या कारखान्याचा प्रतिनिधी. तोही शुक्रवारी दुपारी येऊन गेला होता आणि आज पुन्हा हजर होता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. जॅकेटं उत्तम आहेत, पण लोक ती धड घालत नाहीत, माणसाला स्वतःचीच काळजी नसेल तर कारखान्याने काय करावं, असं तो बाकावरच्या बाईला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होता. पट्टी सापडली नाही तर जॅकेटं पुन्हा मोजता येणार नाहीत आणि दाखला जसाच्या तसा राहील, यात त्याचा फायदा उघड होता. चोर शोधायचा तर इतका सोयीचा चोर दुसरा मिळाला नसता. पण तो कपाटाजवळ एकटा कधीच नव्हता, साहेब सगळा वेळ त्याच्या सोबत होते.

राहिला घुबड. नऊ वर्षं तो बाईंच्या हाताखाली शिकला होता आणि आता बोगदा तोच सांभाळत होता. दिवसभर अंधारात बसतो म्हणून सगळे त्याला घुबड म्हणत, आणि त्याच्या दोन मुली शाळेत फुशारकीने सांगत की आमचे बाबा घुबड आहेत. बाई आल्या की तो आधी खुर्ची पुसून द्यायचा. आज त्याने खुर्चीही पुसली नाही आणि बाईंच्या नजरेला नजरही दिली नाही.

शुक्रवारी किल्ली कशाला नेलीस, असं बाईंनी विचारलं. सोमवारच्या तपासणीसाठी पट्टी जागेवर आहे ना ते बघायला, असं तो म्हणाला. होती का, तर होती. आणि आज सकाळी, तर नव्हती. बोलताना तो हाताची नखं खात होता. खाई त्याला खवखवे हे बाईंना कळत होतं, पण इथे तिघांनाही खवखवत होतं आणि तिघांनी मिळून एकच पट्टी काही खाल्ली नसणार.

४

"इमारत पालथी घातली," साहेब म्हणाले. "बोगद्यातसुद्धा सगळे दिवे लावून पाहिलं."

"दिवे लावून?" बाईंनी विचारलं. "अहो साहेब, असली वस्तू दिवे लावून शोधतात का?"

त्यांनी बोगद्यातले सगळे दिवे घालवायला लावले आणि एक साधी टॉर्च मागितली. सगळे जसे कमरेशी धरतात तशी त्यांनी ती धरली नाही, कानशिलाला टेकवून डोळ्याच्या अगदी शेजारी धरली. पट्टी उजेड आला तिकडेच परत पाठवते. तेव्हा तिला पाहायचं तर दिवा आणि डोळा शेजारी शेजारी हवेत, हाताभर अंतर पडलं तरी ती काळ्या भिंतीइतकीच मुकी. बाई एकेक फळी ओलांडत सावकाश चालू लागल्या. घुबडाच्या बुटांच्या टाचा चमकल्या. खुंटीवरच्या त्याच्या सायकलच्या टोपीची पट्टी चमकली. मग डावीकडे, तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या मधल्या खाचेत, जमिनीलगत, एक फिकट चौकोन उजळला.

"मला काहीच दिसत नाही," बाजूला उभे असलेले साहेब म्हणाले. बाईंनी टॉर्च त्यांच्या हातात दिली आणि डोळ्याशी धरायला सांगितली. मग मात्र ते "काखेत कळसा" एवढंच पुटपुटले.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि खाचेत वाकून पाहू लागल्या. पट्टी कशातही गुंडाळलेली नव्हती. दोन खोडरबरांवर तिच्या फक्त कडा टेकवल्या होत्या, तोंडाला कशाचाही स्पर्श होणार नाही अशा बेताने. चोरायलाच आलेल्या माणसाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत कोंबली असती. ही लपवणाऱ्याला लपवतानासुद्धा तिच्या तोंडाला कापड लावायचं धाडस झालं नव्हतं. असा माणूस या इमारतीत एकच होता, आणि त्याला तसं वागायला बाईंनीच शिकवलं होतं.

त्यांनी पट्टी कडांना धरून बाहेर आणली आणि खिडकीशी तिरपी केली. प्लॅस्टिकवर दुधट ढग पसरला होता.

"घुबड," त्या म्हणाल्या, "हिला काय झालं?"

"मीच पुसली, बाई," तो म्हणाला. "घाईत, खिशातल्या कोरड्या रुमालाने. मग घाबरलो आणि लपवली. मला काढून टाका."

५

साहेबांनी कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र पट्टी अजून खाली ठेवली नव्हती. कोरड्या रुमालाने ओरखडे पडतात. हे ओरखडे नव्हते, प्लॅस्टिक आतून फुलल्यासारखं पांढरं झालं होतं आणि खालच्या कडेशी एक ओघळ वाळलेला होता. हे काम स्पिरिटचं. घुबड खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध.

त्यांनी नॉबची वही उघडली. निरोपाआधी वर्षभर नॉब पन्नासच्या आसपास होता. दिवा जुना होईल तसा तो हळूहळू वर न्यावा लागतो, तसा तो वर्षात चार-पाच घरं वर गेला होता. मग एका शुक्रवारी पन्नास. शनिवारी 'मापन नाही, बाईंचा निरोप.' सोमवारी एकदम सत्तर. शेजारी घुबडाने लिहिलं होतं, 'दिवा जुना झाला असावा.' दहा दिवसांनी नवा दिवा बसवला होता, तरी नॉब एकोणसत्तर. म्हणजे दिव्याचा दोष नव्हता. त्या शनिवार-सोमवारच्या मधे पट्टीच मंदावली होती आणि तिचा जुना आकडा दाखवण्यासाठी यंत्राला जास्त ताणावं लागत होतं. गज आखूड झाला की बुटकासुद्धा उंच भरतो. त्या सोमवारपासून या यंत्रासमोर आलेली प्रत्येक वस्तू होती त्यापेक्षा उजळ ठरत होती, आणि रंगाऱ्याच्या जॅकेटाचा नमुना त्यानंतर दोन महिन्यांनी आला होता.

किती उजळ, हे सांगायला दुसरं प्रमाण हवं होतं. बाईंनी घरी फोन करून यजमानांना भिंतीवरची काच आणायला सांगितली. ते काच तर घेऊन आलेच, शिवाय स्पिरिटची बाटली आणि कापूसही घेऊन आले. "तुझी अर्धवट पुसायची राहिली होती," ते म्हणाले.

बाईंनी कापूस भिजवला, काचेच्या मधोमध टेकवला आणि गोल फिरवायला सुरुवात केली. समोर उभ्या घुबडाने मान दुसरीकडे वळवली. दाराशी काकूंनी पदर तोंडाला लावला. बाईंनी वरून खाली शेवटचा सरळ हात मारला आणि मग, या दोघांना झालंय तरी काय, म्हणून वर पाहिलं.

काचेवर ओली वर्तुळं अजून वाळायची होती. मधून बाहेर पाच, आणि त्यांना छेदून वरून खाली एक सरळ रेघ. शेजारी टेबलावर पट्टी पडली होती. तिच्यावरच्या दुधट ढगातही मधून बाहेर पाच वर्तुळं होती, आणि वरून खाली एक सरळ रेघ.

बाईंच्या हातातला बोळा खाली पडला. निरोपाच्या दिवशी भाषणं संपल्यावर आपण पाच मिनिटं एकट्याच बोगद्यात जाऊन बसलो होतो, एवढंच त्यांना आजवर आठवत होतं. डोळे भरलेले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. शनिवार होता. बाकीचं हाताने केलं होतं आणि हाताने ते कुणाला सांगितलं नव्हतं. कपाटावरचा स्वतःच्या अक्षरातला कागद तेव्हा त्यांच्या नाकासमोर होता.

"काकू," त्यांनी विचारलं, "त्या दिवशी किल्ली?"

"तुमच्या नावाची नोंद मी कधी केली होती का, बाई?" काकू रडत म्हणाल्या. "शेवटचं एकदा आत जाऊन येते म्हणालात. मी दिली."

मग घुबड बोलला. गुरुवारी रंगाऱ्याची बायको येऊन गेल्यावर त्याला पहिल्यांदा शंका आली आणि त्याने पट्टी खिडकीशी धरली. ती वर्तुळं त्याने नऊ वर्षं दर शनिवारी पाहिली होती. तपासनिसांना ती दिसू नयेत म्हणून शुक्रवारी त्याने पट्टी लपवली. चार महिने सत्तरचा आकडा रोज स्वतःच्या हाताने लिहूनही आपण पट्टीवर संशय घेतला नाही, कारण ती बाईंची पट्टी होती. म्हणून दोष आपलाच, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. बाईंनी त्याला गप्प बसवलं नाही. खरं सांगायचं तर एक क्षणभर त्यांना ते ऐकून बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी स्वतःचा पराकोटीचा तिटकारा आला.

"लाव काच चौकटीत," त्या म्हणाल्या.

जुन्या काचेच्या पाठीवर अडीचशे कोरलेलं होतं. सत्तरवर ठेवलेल्या यंत्राने साडेतीनशे दाखवले. बाईंनी कागदावर भागाकार केला. रंगाऱ्याचं जॅकेट तीनशे चौसष्टला पास झालं होतं. खरा आकडा दोनशे साठ. पास व्हायला लागतात तीनशे तीस.

त्या वेळी जॅकेटवाला कधी निघून गेला ते कुणालाच कळलं नाही.

६

दाखला मागे घेतल्याचं पत्र साहेब काढणार होते, पण सोमवारची तपासणी पार पडल्यावर. दोन दिवसांनी काय फरक पडतो, तोवर प्रयोगशाळेची अब्रू तरी राहील, असं त्यांचं म्हणणं. पत्रावर माझं नाव स्पष्ट घाला, एवढंच बाईंनी बजावलं आणि बाकीला मान डोलावली. त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. आधी त्या माणसासमोर जाऊन उभं राहायला हवं होतं. रंगाऱ्याच्या बायकोला बरोबर घेऊन त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा पाच वाजून गेले होते.

रंगारी खिडकीशेजारच्या खाटेवर होता. पांघरूण एका बाजूला अचानक सपाट झालं होतं, आणि बाई ठरवूनही तिकडे न बघता राहू शकल्या नाहीत. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काहीही न गाळता. स्पिरिटचा बोळाही सांगितला. मग त्यांनी बायकोकडून जॅकेट मागून घेतलं आणि त्याच्यासमोर पसरलं.

"हे दवाखान्यात तुमच्या अंगावरून कापून काढलं. दोन्ही बाजूंनी कात्री चालवलीय, कारण पुढून उघडायला वेळ नव्हता. चेन बघा. गळ्यापर्यंत लावलेली आहे. कापलेल्या जॅकेटची चेन नंतर कुणी लावत बसत नाही. ती तुम्हीच लावली होती. आणि गाडी तर मागून आली. तुमची काही चूक नव्हती."

रंगाऱ्याने चेनवर बोट ठेवलं. सावकाश खाली ओढली, पुन्हा गळ्यापर्यंत वर नेली. त्याच्या बायकोने तोंड फिरवलं. बाईंना वाटलं, आता हा शिव्या देईल, आणि त्या शिव्यांची त्यांना फार गरज होती.

"अशी जॅकेटं किती गेली?" त्याने विचारलं.

"चारशे. सोमवारी पत्र निघेल. सगळी परत मागवतील."

"सोमवारी," तो म्हणाला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच तेवढं ऊन उरलं होतं. "आमचे चौघं आज त्याच वळणावर आहेत. उरलेले पट्टे मारायला. याच जॅकेटात. दिवेलागण आज आहे, बाई."

सकाळपासून त्यांनी चोर शोधला, पट्टी शोधली, स्वतःला शोधलं, भागाकारसुद्धा केला. त्या कागदावरचा दोनशे साठ हा आकडा या क्षणी चौघांच्या पाठीवर रस्त्यात उभा आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या इथे आल्या होत्या त्या स्वतःचं ओझं उतरवायला.

"मुकादमाचा नंबर," त्या कशाबशा म्हणाल्या.

रंगाऱ्याने उशीखालून स्वतःचा फोन काढून आधीच नंबर लावला होता. मुकादमाने उचलल्यावर त्याने तब्येतीची चौकशी मधेच तोडली. "आधी ऐका. काम थांबवा. सगळ्यांना रस्त्यावरून खाली उतरवा, आत्ताच्या आत्ता. जॅकेटं खराब आहेत." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. मागे गाड्यांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी हसत होतं. "नाही, मी शुद्धीत आहे. का ते या सांगतील."

त्याने फोन बाईंपुढे धरला.

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि फोन कानाला लावला. "आधी माणसं खाली उतरली का ते सांगा," त्या म्हणाल्या. मुकादमाने हाका मारल्या. एक, दोन, तीन, आणि थोड्या वेळाने चौथा, अशी त्याने मोजून चौघांची खात्री दिली. मग बाई रिकाम्या स्टुलावर बसल्या, आपण कोण ते सांगितलं आणि त्या शनिवारी डोळे भरलेले असताना कपाट उघडलं, तिथपासून सांगायला सुरुवात केली.